टीव्हीचं चित्र नीट लावूनही पुन्हा पुन्हा बिघडतं, तेव्हा काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. सुट्टीच्या दिवशी बसून रंग, ब्राइटनेस, सगळं मनासारखं लावलं. दोन दिवसांनी मॅच लावली तर खेळाडूंचे चेहरे पुन्हा लालभडक आणि मैदान पोपटी. किंवा डीटीएचवर चित्र झकास, पण ओटीटीवर रात्रीचा प्रसंग आला की पडद्यावर नुसता काळोख. किंवा संध्याकाळी खोलीतला दिवा बंद केला की टीव्हीही मलूल होतो. मग सर्व्हिसवाल्याला फोन जातो, तो फॅक्टरी रीसेट मारून जातो आणि चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

अशा बहुतेक टीव्हींमध्ये बिघाड काहीच नसतो. तुम्ही लावलेली सेटिंगही कुठे गेलेली नसते. ती वेगळ्या कप्प्यात पडून असते, आणि आत्ता जे चित्र दिसतंय ते दुसऱ्याच कप्प्यातून येतंय.

कप्प्यांचा हिशेब

आजचा स्मार्ट टीव्ही पिक्चर सेटिंग तीन गोष्टींवरून ओळखून साठवतो: इनपुट कुठला, सिग्नल कुठल्या प्रकारचा आणि पिक्चर मोड कुठला. एचडीएमआय १ वर सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय २ वर ओटीटीची स्टिक (फायर टीव्हीसारखी), शिवाय टीव्हीतली स्वतःची अॅप्स आणि यूएसबी. यातल्या प्रत्येकाचे आकडे वेगळे असू शकतात. त्यावर सिग्नलचे प्रकार येतात: साधा म्हणजे एसडीआर, मग एचडीआर१०, एचएलजी आणि डॉल्बी व्हिजन (हे तिन्ही एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेले). ‘सिनेमा’ मोड एसडीआरमध्ये लावलात म्हणून एचडीआरमधला ‘सिनेमा’ बदलत नाही, नाव एकच असलं तरी.

एचडीआर सुरू झालं की बरेच टीव्ही कोपऱ्यात दोन-तीन सेकंद तशी पट्टी दाखवतात आणि मेनूतली मोडची नावंही बदलतात. तक्रार नेमकी कुठल्या कार्यक्रमाच्या वेळी येते हे आधी पाहा, आणि तो कार्यक्रम चालू असतानाच मेनू उघडा. बॉक्सवरच्या बातम्या बघत ओटीटीचं चित्र सुधारता येत नाही.

सगळ्या इनपुटना एकच सेटिंग लावायची सोय जवळपास प्रत्येक कंपनी देते, पण ती मेनूत तळाशी असते. सॅमसंगमध्ये ‘अप्लाय पिक्चर सेटिंग्ज’ इथे ‘ऑल सोर्सेस’ निवडायचं. एलजीमध्ये ‘अप्लाय टू ऑल इनपुट्स’ आहे. सोनीवर कॉपी होत नाही, तर सेटिंग सध्याच्या इनपुटला की सगळ्यांना लागू करायची ते ठरवता येतं. हे फक्त त्या सिग्नल प्रकारापुरतं चालतं. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजनसाठी तो तो व्हिडिओ लावून पुन्हा एकदा बसावंच लागतं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

आपोआप ढवळाढवळ करणाऱ्या गोष्टी आधी बंद

कप्पा बरोबर आहे आणि तरीही चित्र हलतंय, तर टीव्ही स्वतःच ते बदलतोय. इथे क्रम महत्त्वाचा आहे. हे बंद न करता आकडे लावत बसलात तर दुपारी लावलेला आकडा रात्री खोटा ठरतो.

पहिला संशयित वीजबचत. एलजीवर ‘एनर्जी सेव्हिंग’ किंवा ‘एनर्जी सेव्हिंग स्टेप’ बंद करा. ते चालू असताना काही मॉडेल्सवर बॅकलाइटचा आकडा बदलताच येत नाही, तो राखाडी दिसतो. सॅमसंगवर जनरल मेनूतल्या पॉवर आणि एनर्जी विभागात ‘ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन’, ‘ब्राइटनेस रिडक्शन’ आणि ‘मोशन लाइटिंग’ अशी तीन वेगवेगळी बटणं असतात, तिन्ही बंद करावी लागतात. एकच बंद करून “तरी मंद होतोय” म्हणणारे बरेच. सोनीवर ‘लाइट सेन्सर’ बंद करा. सेन्सर हवाच असेल तर निदान सेटिंग लावून होईपर्यंत तरी तो बंद ठेवा. डॉल्बी व्हिजन आयक्यू असलेल्या टीव्हीत डॉल्बीच्या मोडमध्येही सेन्सर हात घालतो, हे ध्यानात असू द्या.

दुसरा संशयित ‘एआय’ नाव लावलेलं सगळं: एआय पिक्चर, इंटेलिजंट मोड, ऑटो पिक्चर मोड. यांचं कामच दृश्य बघून चित्र बदलणं हे आहे. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ हा त्यांचा जुना भाऊ. बातमीदाराच्या मागचा पडदा पांढरा झाला की तिचा चेहरा काळवंडतो, तो याच्यामुळे.

तिसरा, गेम कन्सोल. ऑटो लो लेटन्सी मोड चालू असेल तर कन्सोल सुरू होताच टीव्ही परस्पर गेम मोडमध्ये जातो. त्या मोडचे आकडे अर्थातच वेगळे.

आणि चौथं कारण हास्यास्पद वाटेल, पण रीसेटनंतर ते हमखास सापडतं. पहिल्यांदा सेटअप करताना टीव्ही विचारतो: होम की स्टोअर? घाईत ‘स्टोअर’ किंवा ‘रिटेल’ दाबलं गेलं तर टीव्ही दुकानात मांडल्यासारखा वागतो. बॅकलाइट शंभरावर, मोड व्हिव्हिड, आणि तुम्ही केलेला बदल काही मिनिटांत पुसून पुन्हा मूळपदावर. पडद्यावर मधूनच टीव्हीच्या गुणांची जाहिरात उमटत असेल तर निदान पक्कं. सेटिंगमध्ये ‘युसेज मोड’ किंवा ‘होम/स्टोअर मोड’ शोधून ‘होम’ करा.

ब्राइटनेस म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक कंपनीने इथे गोंधळ घालून ठेवला आहे. जुन्या सॅमसंग आणि एलजीत ‘बॅकलाइट’ म्हणजे पॅनलमागचा उजेड, ओएलईडीत त्याचं नाव ‘ओएलईडी लाइट’, आणि ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळा रंग किती गडद. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीत ‘ब्राइटनेस’ म्हणजे उजेड आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’. नव्या सॅमसंगमध्ये ‘ब्राइटनेस’ उजेडाकडे गेला आणि गडद भागांसाठी ‘शॅडो डिटेल’ आलं. त्यामुळे “ब्राइटनेस ५० ठेवा” हा सल्ला कुठल्या टीव्हीसाठी आहे ते कळल्याशिवाय निरुपयोगी.

नाव विसरा आणि करून पाहा. तो स्लायडर थेट शून्यावर न्या. सगळं चित्र सारखंच मंद झालं तर तो उजेडाचा. पांढरा भाग जवळपास तसाच राहिला आणि केस, सावल्या, काळा कोट एकमेकांत बुडाले तर तो काळ्याचा. काळ्याच्या स्लायडरने चित्र उजळ करायला गेलात की काळं राखाडी होतं आणि सगळ्या चित्रावर धुकं बसतं. उलट केलं की अंधारातला तपशील कायमचा गडप.

धुकट चित्र किंवा बुडालेले काळे: आधी रेंज पाहा

काळ्याचा स्लायडर हलवण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. ८ बिट व्हिडिओत (उजेडाचे आकडे ० ते २५५) काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, त्याला लिमिटेड रेंज म्हणतात. कॉम्प्युटर मात्र ० ते २५५ अशी फुल रेंज वापरतो. बॉक्स किंवा लॅपटॉप एक पाठवतोय आणि टीव्ही दुसरं समजतोय, असं झालं की चित्र हटकून बिघडतं, आणि तेही ठरावीक पद्धतीने.

टीव्हीला फुल वाटतंय पण येतंय लिमिटेड: काळं राखाडी, पांढरं मळकट, सगळं फिकट. टीव्हीला लिमिटेड वाटतंय पण येतंय फुल: सावल्या शाईसारख्या काळ्या, ढग सपाट पांढरे. पुष्कळ जण हे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टने झाकतात. मग त्याच इनपुटवर दुसरं उपकरण लावलं की सगळं पुन्हा बिघडतं. ‘पुन्हा पुन्हा’ या तक्रारीमागे हे कारण बऱ्याचदा असतं.

सॅमसंग आणि एलजीवर ही सेटिंग ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा नुसती ‘ब्लॅक लेव्हल’ नावाने असते. दोन्हीकडे ‘लो’ म्हणजे लिमिटेड. फुलला सॅमसंग ‘नॉर्मल’ म्हणतं, एलजी ‘हाय’. सोनीवर ‘व्हिडिओ रेंज’मध्ये सरळ ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’ असं लिहिलेलं असतं. सेट-टॉप बॉक्स, स्टिक, प्लेअर यांच्यासाठी लिमिटेड ठेवा. लॅपटॉपसाठी दोन्ही टोकांना फुल किंवा दोन्ही टोकांना लिमिटेड, एवढीच अट. ‘ऑटो’ साधारणपणे बरोबर ओळखतं. नाही ओळखलं तर हाताने लावा. लॅपटॉपवरची अक्षरं कडेने रंगीत आणि पुसट दिसत असतील तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव ‘पीसी’ ठेवून पाहा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्यानेच अक्षरं स्वच्छ होतात.

आता प्रत्यक्ष लावणी

टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या. खोलीत रोज संध्याकाळी असतो तसाच उजेड ठेवा. चाचणीचे पॅटर्न फुकट मिळतात. ‘एव्हीएस एचडी ७०९’ हा संच जुना आणि विश्वासार्ह आहे, त्याची एमपी४ आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाकून चालवता येते. पण पेन ड्राइव्हवरून लावलेले आकडे यूएसबीच्या कप्प्यात जातात. लावून झाल्यावर ते बॉक्सच्या इनपुटला लागू करायला विसरू नका.

१. मोड निवडा: फिल्ममेकर, सिनेमा, मूव्ही, नाहीतर सोनीवर प्रोफेशनल किंवा कस्टम. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्सने २०१९ मध्ये जाहीर केला. त्यात चित्र गुळगुळीत करणाऱ्या आणि धार वाढवणाऱ्या बहुतेक करामती मुळातच बंद असतात, म्हणून निम्मं काम तिथेच होतं. व्हिव्हिडपासून सुरुवात करू नका, त्याला कितीही दुरुस्त केलं तरी रंग जागेवर येत नाहीत.

२. कलर टेंपरेचर (पांढऱ्याची छटा) ‘वॉर्म’. सॅमसंगवर वॉर्म २, एलजीवर वॉर्म ५० किंवा त्याच्या जवळचं, सोनीवर एक्स्पर्ट १. एचडी व्हिडिओचा पांढरा ६५०० केल्व्हिनचा धरलेला असतो. ‘कूल’मध्ये तो दहा हजारांच्या आसपास जातो. पहिल्या दिवशी घरातले “पिवळं दिसतंय” म्हणून ओरडतील. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, डोळे सरावतात. आपल्याकडे घरोघरी असलेली ‘कूल डेलाइट’ ट्यूबही ६५०० केल्व्हिनचीच असते, त्यामुळे तिच्या उजेडात वॉर्म खरं तर बरोबर जुळतं.

३. शार्पनेस उतरवा. सॅमसंगवर ०, एलजीवर सिनेमा मोडमध्ये ० ते १०, सोनीवर मात्र ५० हाच मधला तटस्थ आकडा आहे. त्याच्या खाली गेलात तर चित्र मऊ होतं. बॉक्सचा मेनू उघडा आणि अक्षरांच्या कडा जवळून पाहा. अक्षराभोवती बारीक पांढरी किनार दिसते का? ती जाईपर्यंत खाली या.

४. काळ्याचा पॅटर्न लावा. त्यात १६ च्या आसपासच्या पट्ट्या लुकलुकतात. १७ ची पट्टी जेमतेम दिसायला हवी, १६ आणि त्याखालच्या अजिबात नकोत. भर उजेडात १७-१८ दिसणार नाहीत, म्हणून हे काम रात्री करा.

५. कॉन्ट्रास्टसाठी पांढऱ्याचा पॅटर्न. २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. पॅटर्न नसेल तर कसोटी सामना लावा: पांढऱ्या कपड्यांवरच्या घड्या आणि शिवण दिसायला हवी. खेळाडू पांढऱ्या कागदातून कापल्यासारखा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. बहुतेक टीव्हींवर सिनेमा मोडचा मूळ आकडा इथे योग्यच असतो.

६. उजेड सगळ्यांत शेवटी, डोळ्यांना सोसेल इतका. स्टुडिओत एसडीआर १०० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) तपासतात. दिवा लावलेल्या दिवाणखान्यात त्याच्या दीडपट-दुप्पट लागतो. पांढरी स्क्रीन आली की डोळे मिचकावे लागत असतील तर खाली या.

गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) दिव्याच्या खोलीत २.२, अंधारात बघणार असाल तर २.४ किंवा बीटी.१८८६. कलर आणि टिंटच्या मूळ आकड्यांना हात न लावलेला बरा. व्हाइट बॅलन्सच्या दोन किंवा वीस बिंदूंच्या सेटिंगमध्ये रंग मोजायच्या मीटरशिवाय शिरू नका. इंटरनेटवरून कुणाचे तरी आकडे उतरवून घेणंही तिथे फसतं, कारण एकाच मॉडेलच्या दोन पॅनलमध्ये फरक असतो.

दुपारी खिडकीतून ऊन येत असेल तर रात्रीच्या मोडशी खेळू नका. दिवसासाठी वेगळा मोड लावा. एलजीत ‘एक्स्पर्ट ब्राइट रूम’ आणि ‘एक्स्पर्ट डार्क रूम’ यासाठीच आहेत. रिमोटवर फक्त मोड बदलायचा, आकडे नाहीत.

चेहरे रुंद, डोकी कापलेली

बॉक्सचे एसडी चॅनल ७२० बाय ५७६ चे, एचडी बहुधा १०८०आय. बॉक्सचं आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘नेटिव्ह’वर असेल तर चॅनल बदलताना टीव्ही सेकंदभर काळा होतो आणि चित्राचा आकार दर वेळी वेगळा येऊ शकतो. बॉक्समध्ये आउटपुट १०८०आय किंवा त्याहून वरच्या एकाच आकड्यावर कायम करा. आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९ ठेवा आणि ४:३ साठी ‘पिलरबॉक्स’ (दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या) निवडा.

टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा सोनीचं ‘फुल पिक्सेल’ चालू हवं. नाहीतर टीव्ही कडेचा भाग कापून उरलेलं ताणतो: बातम्यांची खालची पट्टी अर्धी जाते आणि बारकावेही पुसट होतात.

ताणलंय की नाही हे टेपने मोजता येतं. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८.५ उंच असतो. जुना ४:३ कार्यक्रम त्यावर ९१ सेंटीमीटरच रुंद दिसायला हवा, दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर काळं. पडदाभर पसरला असेल तर माणसं एक तृतीयांशाने जाडी झाली आहेत. त्याच टीव्हीवर २.३९:१ चा सिनेमा वर-खाली साधारण नऊ-नऊ सेंटीमीटर काळ्या पट्ट्या ठेवणारच. तो दोष नाही, आणि झूम करून पट्ट्या घालवल्या तर दोन्ही कडांची माणसं जातात.

एचडीआर लावलं की अंधार

एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजनमध्ये प्रत्येक आकड्याला ठरलेले निट्स असतात, पीक्यू नावाच्या ठरावीक वक्राने. सिनेमा १००० किंवा ४००० निट्सवर तयार झालेला असतो आणि स्वस्त ४के टीव्ही ३०० च्या आसपास दमतो. वरचं सगळं दाबून बसवताना मधलं चित्रही खाली येतं. म्हणून एचडीआरच्या कप्प्यात बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण, लोकल डिमिंग (बॅकलाइट भागाभागाने मंद करणं) असेल तर ‘हाय’, आणि डायनॅमिक टोन मॅपिंग (दृश्यागणिक उजेड टीव्हीच्या आवाक्यात बसवणं) चालू. सॅमसंगवर ‘एसटी.२०८४’ हा एचडीआरच्या उजेडाचा स्लायडर एक-दोन घर वर नेता येतो. एसडीआरमध्ये आपण जे बंद केलं त्यातलं काही इथे मुद्दाम चालू करायचं, हे विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. डॉल्बी व्हिजनमध्ये उजेड असलेल्या खोलीसाठी ‘ब्राइट’ नावाचा मोड.

एचडीआर येतच नसेल तर त्या पोर्टची सेटिंग पाहा: सॅमसंगचं ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीचं ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीचं ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. ४के ६० हर्ट्झ एचडीआरला १८ गिगाबिटची केबल लागते. मधूनच काळी होणारी स्क्रीन किंवा ठिपक्यांचा पाऊस म्हणजे बहुधा केबल.

आणि स्टिकमध्ये पाहिलंत का? फायर टीव्हीत डायनॅमिक रेंज ‘ऑलवेज एचडीआर’ असेल तर साधे कार्यक्रमही एचडीआरच्या वेषात टीव्हीकडे जातात आणि तुमचा मेहनतीने लावलेला एसडीआर कप्पा कधी उघडतच नाही. ‘अॅडॅप्टिव्ह’ करा. अॅपल टीव्हीवर फॉरमॅट ४के एसडीआर ठेवून ‘मॅच डायनॅमिक रेंज’ चालू. टीव्ही फारच मंद असेल तर स्टिकमधून एचडीआर पूर्ण बंद करणं हा कमीपणा नाही. नीट लावलेलं एसडीआर त्या पडद्यावर जास्त बरं दिसतं.

मॅच अडखळते

भारतातलं प्रसारण ५० हर्ट्झचं आणि स्टिक सहसा ६० वर असते. ६० च्या आउटपुटवर ५० चं चित्र बसवताना कॅमेरा सावकाश फिरला की धक्के जाणवतात. स्टिकमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा. अॅप ते मानत नसेल तर सामन्यापुरतं ५० हर्ट्झ लावा. ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’ वगैरे चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी वाढवून धक्के झाकले जातात, पण बॅटभोवती पाण्यासारखी थरथर येते.

सेटिंगने न सुटणारं

दोन गोष्टी मेनूत शोधू नका. ओएलईडी टीव्ही चार तास पाहून झाल्यावर स्टँडबायमध्ये पॅनलची छोटी दुरुस्ती स्वतः करतो. रोज रात्री बोर्डावरचं बटण बंद करायची सवय असेल तर ती दुरुस्ती होतच नाही आणि पुढे पट्टे किंवा चॅनलच्या लोगोची सावली दिसू लागते. रिमोटने बंद करा आणि निदान काही तास प्लग चालू राहू द्या.

एलईडी टीव्हीत पांढरा रंग हळूहळू निळसर-जांभळा होत गेला, मध्येच गोल डाग पडल्यासारखे, आणि ‘वॉर्म’ पूर्ण लावूनही तो जात नसेल, तर बॅकलाइटच्या एलईडीवरचा फॉस्फर (निळा उजेड पांढरा करणारा थर) गेला आहे. वर्षानुवर्षं बॅकलाइट शंभरावर चालवल्याने हे लवकर होतं. इलाज बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या बदलण्याचा. दुरुस्तीवाला एकच पट्टी बदलतो म्हणाला तर ऐकू नका, सगळा संच एकदम बदलून घ्या, नाहीतर नव्या-जुन्या पट्ट्यांचा पांढरा वेगवेगळा दिसतो. बदलल्यावर रोजच्या एसडीआर चित्रासाठी बॅकलाइट ६०-७० च्या वर नेऊ नका.